ध्रुव६४ मध्ये 'फक्त' दोन कोर? ड्युअल-कोर, दोन प्रोसेसर आणि ऑक्टा-कोरच्या जाहिरातींमागचं गणित

डिसेंबर २०२५ मध्ये सी-डॅकने विकसित केलेल्या 'ध्रुव६४' या मायक्रोप्रोसेसरची घोषणा झाली. सरकारी माहितीनुसार हा भारतात डिझाइन झालेला पहिला १ गिगाहर्ट्झचा, ६४-बिट, ड्युअल-कोर मायक्रोप्रोसेसर. रिस्क-फाइव्ह या खुल्या आर्किटेक्चरवर आधारलेला. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे, त्यामुळे आपल्याकडे या बातमीची चर्चा जरा जास्तच झाली.

अशा बातमीखाली दोन प्रकारच्या कमेंट्स हमखास दिसतात. पहिली : "झालं! आता क्वालकॉमचं दुकान बंद." दुसरी : "माझ्या दहा हजारांच्या फोनमध्ये आठ कोर आहेत, हे दोन कोर घेऊन काय करू?"

गंमत म्हणजे दोघंही एकच चूक करतायत. दोघंही प्रोसेसरची किंमत कोर मोजून ठरवतायत (किंवा कोर न मोजता, फक्त झेंडा बघून!). दोन कोर म्हणजे नेमकं काय, ते एकाच चिपवर असणं आणि दोन वेगळे प्रोसेसर असणं यात काय फरक पडतो आणि 'आठ'पेक्षा 'दोन' कधी भारी ठरतात, हे एकदा समजलं की ध्रुव६४ ची बातमीही नीट कळते आणि पुढचा फोन घेताना पैसेही वाचतात. तेच आज पाहू.

कोर म्हणजे काय?

कोर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग. मेमरीतून सूचना आणायची, ती समजून घ्यायची, बेरीज-वजाबाकी-तुलना जे काही सांगितलं असेल ते करायचं, उत्तर ठेवून द्यायचं आणि पुढची सूचना घ्यायची. हे चक्र सेकंदाला अब्जावधी वेळा चालू असतं. १ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके.

पूर्वी एका चिपवर असा एकच कोर असायचा. त्यामुळे 'प्रोसेसर' आणि 'कोर' हे शब्द एकाच अर्थाने वापरले तरी चालायचं. जास्त ताकद हवी असेल तर मदरबोर्डवर दोन सॉकेट देऊन दोन वेगळे प्रोसेसर बसवायचे. ड्युअल-कोरमध्ये मात्र चिप एकच, सॉकेट एकच, पण आत काम करणारे दोन.

खानावळीच्या उदाहरणाने बघू. एका स्वयंपाकघरात दोन मावशी एकाच ओट्यावर काम करतायत. ओट्यावर मांडणी एकच, फोडणीचं साहित्य दोघींच्या हाताशी. एकीने कांदा चिरला की दुसरी लगेच उचलते. हा झाला ड्युअल-कोर.

आता दुसरा प्रकार. त्याच मालकाच्या दोन खानावळी आहेत, एक या गल्लीत आणि दुसरी पलीकडच्या गल्लीत. प्रत्येकीचा ओटा वेगळा, शेगडी वेगळी, कोठीची खोली वेगळी. जागा दुप्पट, सामान दुप्पट. पण पलीकडच्या कोठीतला नारळ इकडे हवा असेल तर पोऱ्याला पळवावं लागतं. हे झाले दोन वेगळे प्रोसेसर.

या उदाहरणात ओट्यावरची मांडणी म्हणजे कॅश मेमरी आणि कोठीची खोली म्हणजे रॅम. कोरच्या अगदी जवळच्या कॅशमधून माहिती मिळायला साधारण १ नॅनोसेकंद लागतो. रॅममधून आणायची तर ८०-१०० नॅनोसेकंद लागू शकतात. म्हणजे वस्तू हाताशी आहे की कोठीत, यावर कामाचा वेग ठरतो. मावशी कितीही चपळ असल्या तरी सामान यायची वाट बघत उभ्या राहिल्या तर पोळी काही पटापट होत नाही.

खरी अडचण : अंतर आणि ताळमेळ

१ नॅनोसेकंदात प्रकाश जास्तीत जास्त ३० सेंटीमीटर जातो. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या एका ठोक्यात तर जेमतेम १०. तारांमधून जाणारा सिग्नल त्याहून हळू. त्यामुळे चिपच्या आतले काही मिलिमीटर आणि मदरबोर्डवरचे दहा-पंधरा सेंटीमीटर यातला फरक आपल्याला किरकोळ वाटला तरी प्रोसेसरसाठी तो प्रचंड असतो. शिवाय चिपबाहेर सिग्नल पाठवायला वीजही जास्त लागते आणि बाहेर काढता येणाऱ्या तारांची संख्याही मर्यादित असते.

यातून एक मोठी डोकेदुखी तयार होते. समजा, तुमच्या वॉलेटमध्ये ५०० रुपये आहेत. हा आकडा दोन्ही कोरनी आपापल्या कॅशमध्ये कॉपी करून ठेवलाय. पहिल्या कोरने २०० वजा करून ३०० केले. दुसऱ्या कोरला ते कळलंच नाही, त्याच्याकडे अजून ५०० च आहेत. आता त्याने त्यातून ४०० खर्च करू दिले तर? हिशोबच बिघडला.

म्हणून एका कोरने आकडा बदलला की बाकी सगळ्यांकडची जुनी कॉपी बाद ठरवावी लागते. याला कॅश कोहेरन्स म्हणतात, म्हणजे सगळ्यांच्या वहीत एकच हिशोब राहील याची व्यवस्था. हे काम सॉफ्टवेअरच्या भरवशावर न सोडता हार्डवेअरच करतं आणि दर सेकंदाला लाखो वेळा करतं. (त्यावर अ‍ॅप लिहिणाऱ्यालाही 'लॉक'सारखी काळजी घ्यावी लागते, तो वेगळा विषय.)

एकाच चिपवरच्या दोन कोरमध्ये हा निरोप काही दहा नॅनोसेकंदांत पोहोचतो. दोन वेगळ्या सॉकेटमध्ये बसलेल्या प्रोसेसरमध्ये तोच निरोप द्यायला शंभरच्या वर नॅनोसेकंद जाऊ शकतात. ज्या कामात दोन्ही कोरना सतत एकमेकांशी बोलावं लागतं, तिथे ड्युअल-कोर जिंकतो तो इथे.

मग दोन कोर आले कुठून?

एका चिपवर दोन कोर ही कल्पना बाजारात आधी आली ती मोठ्या सर्व्हरमध्ये. आयबीएमचा 'पॉवर४' २००१ मध्ये आला, त्यात एका चिपवर दोन कोर होते. घरच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र ही वेळ आली २००५ मध्ये आणि ती हौसेने नाही, नाइलाजाने.

तोपर्यंत स्पर्धा गिगाहर्ट्झची होती. इंटेलचा पेंटियम ४ वाढत वाढत ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणायचं जाहीर झालं होतं, पण ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने तो रद्द केला. कारण होतं उष्णता.

इथे एक सोपं गणित आहे. प्रोसेसरला लागणारी वीज ढोबळमानाने व्होल्टेजचा वर्ग गुणिले वेग या प्रमाणात वाढते. आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. उलट बाजूने बघा : वेग २० टक्क्यांनी आणि व्होल्टेजही २० टक्क्यांनी कमी केलं, तर वीज लागते ०.८ × ०.८ × ०.८ म्हणजे सुमारे ०.५१ पट. जवळजवळ निम्मी! मग उरलेल्या निम्म्या विजेत तसाच दुसरा कोर चालवता येतो. वीज साधारण तेवढीच, पण एकूण काम करायची क्षमता १.६ पट. प्रत्यक्षात गळतीची वीज वगैरे धरली तर आकडे इतके गोड राहत नाहीत, पण दिशा हीच.

म्हणून २००५ च्या मे महिन्यात इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ असे दोन ड्युअल-कोर बाजारात आले. नावाला दोन्ही ड्युअल-कोर. पण आतली गोष्ट वेगळी होती.

एएमडीने दोन्ही कोरना चिपच्या आतच एकमेकांशी आणि मेमरी कंट्रोलरशी जोडलं होतं. पेंटियम डीमध्ये दोन कोर शेजारी शेजारी होते, पण एकमेकांशी बोलायचं तर चिपबाहेरच्या फ्रंट-साइड बसवरून जावं लागायचं. म्हणजे दोन मावशी एकाच ओट्यापाशी उभ्या, पण मीठ मागायचं तर एकीने रस्त्यावर जाऊन दुसरीला हाक मारायची! पुढे २००६ च्या सुरुवातीला आलेल्या पेंटियम डीमध्ये तर दोन वेगळे तुकडे एकाच पॅकेजमध्ये बसवलेले होते. तांत्रिकदृष्ट्या ते 'दोन प्रोसेसर, एक डबा' असंच होतं.

इंटेलने हे दुरुस्त केलं जुलै २००६ मध्ये, कोअर २ ड्युओ आणून. त्यात दोन्ही कोरना मिळून एकच एल२ कॅश होती. म्हणजे ओटा खऱ्या अर्थाने एक झाला. एकाच नावाखाली, एकाच दशकात, तीन वेगळ्या रचना. यातून आपण घ्यायचा धडा हा, की डब्यावर 'ड्युअल' लिहिलंय एवढ्यावर काहीच ठरत नाही. आतली जोडणी कशी आहे त्यावर ठरतं.

दोन कोर म्हणजे दुप्पट वेग?

नाही. आणि आठ कोर म्हणजे आठपट तर अजिबातच नाही.

१९६७ मध्ये जीन अ‍ॅमडाल या कॉम्प्युटर आर्किटेक्टने एक मुद्दा मांडला, तो आज अ‍ॅमडालचा नियम म्हणून शिकवला जातो. कुठल्याही कामाचा काही भाग वाटून करता येतो आणि काही भाग एकामागून एकच करावा लागतो. जो भाग वाटता येत नाही, तो शेवटी सगळ्यांना अडवतो.

आकडे घालून बघू. समजा, एका कामाला एका कोरवर १०० सेकंद लागतात. त्यातले ६० सेकंदांचं काम वाटून घेता येतं, ४० सेकंदांचं नाही.

- २ कोर : ४० + ३० = ७० सेकंद
- ८ कोर : ४० + ७.५ = ४७.५ सेकंद
- कितीही कोर लावले तरी : ४० सेकंदांच्या खाली नाही

आता कोर दोनच ठेवा, पण प्रत्येक कोर दीडपट वेगवान घ्या. मघाचे ७० सेकंद भागिले १.५ म्हणजे सुमारे ४६.७ सेकंद. म्हणजे या कामात दोन दमदार कोरनी आठ साध्या कोरना मागे टाकलं!

अ‍ॅप उघडणं, वेबपेज स्क्रोल होणं, कीबोर्ड पटकन वर येणं ही रोजची कामं बहुतेक वेळा एक-दोन कोरवरच येऊन पडतात. त्यामुळे फोन 'हँग होतो' असं आपण म्हणतो तेव्हा आठपैकी सहा कोर निवांत बसलेले असण्याची शक्यता बरीच असते.

दोन वेगळे प्रोसेसर आजही कुठे लागतात?

इतकं सगळं ऐकून वाटेल की दोन वेगळे प्रोसेसर म्हणजे जुनाट कल्पना. तसं नाहीये. डेटा सेंटरमधले बरेचसे सर्व्हर आजही दोन सॉकेटचे असतात. प्रत्येक सॉकेटमध्ये एक प्रोसेसर आणि त्या प्रत्येकात कित्येक कोर.

कारण सोपं आहे. दुसरी खानावळ काढली की कोठीही दुप्पट होते. प्रत्येक प्रोसेसरला स्वतःच्या मेमरी चॅनल्स असतात, त्यामुळे जास्त रॅम लावता येते आणि रॅमशी एकूण बोलण्याचा वेगही वाढतो. स्टोरेज आणि नेटवर्क कार्ड जोडायला जागा जास्त मिळते. हजारो लोक एकाच वेळी वेबसाइटवर आले असतील तर प्रत्येकाचं काम तसं स्वतंत्र असतं, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. एकमेकांशी फार बोलावंच लागत नाही.

पण एक पथ्य पाळावं लागतं. आपल्या सॉकेटजवळची रॅम लवकर मिळते आणि पलीकडच्या सॉकेटची उशिरा. या रचनेला नूमा म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिमने कामाची माहिती एका बाजूला आणि काम करणारा कोर दुसऱ्या बाजूला ठेवला, तर महागडा सर्व्हरही रडत चालतो.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन 'परम रुद्र' सुपरकॉम्प्युटरपैकी एक पुणे जिल्ह्यातल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे. यातले 'रुद्र' सर्व्हर सी-डॅकने डिझाइन केलेले दोन सॉकेटचे सर्व्हर आहेत. प्रोसेसर मात्र इंटेलचे. दुर्बिणीतून येणाऱ्या प्रचंड माहितीचे तुकडे करून ते अनेक सर्व्हरवर वाटता येतात, म्हणून तिथे 'अनेक वेगळे प्रोसेसर' हाच योग्य मार्ग ठरतो. याच सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' बनवला तेव्हाही युक्ती हीच होती : एक महाकाय प्रोसेसर मिळत नाही ना, मग अनेक लहान प्रोसेसर जोडा.

एक गैरसमजही इथेच काढून टाकू. दोन प्रोसेसर असले की एक बिघडला तरी दुसऱ्यावर मशीन चालू राहतं असं अनेकांना वाटतं. साध्या दोन-सॉकेट सर्व्हरमध्ये तसं सहसा होत नाही. चालू असताना एक प्रोसेसर गेला तर बहुधा अख्खं मशीनच बंद पडतं. बिघाडातून वाचायचं असेल तर दुसरा सर्व्हरच लागतो.

आणि खर्चाचं काय? दोन सॉकेटचा मोठा मदरबोर्ड, दोन कूलर, दोन्हीकडे वेगवेगळी रॅम. सॉफ्टवेअरचे नियमही निराळे. विंडोज होम एकाच सॉकेटला सपोर्ट करतं, त्यातले कोर मात्र अनेक चालतात. दुसरा प्रोसेसर वापरायचा तर विंडोज प्रो हवं. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा 'दोन कोर' आणि 'दोन प्रोसेसर' या गोष्टी वेगळ्या मानते.

फोनमधली आकड्यांची शर्यत

फोनमध्ये ड्युअल-कोर आले ते २०११ च्या सुमारास, एलजीच्या ऑप्टिमस २एक्समधून. मग चार आले, मग आठ. २०१३ मध्ये भारतात आलेल्या सॅमसंग गॅलॅक्सी एस४ मध्ये एक्सिनोस ५ ऑक्टा हा प्रोसेसर होता. नावात ऑक्टा होतं, पण चार मोठे आणि चार छोटे कोर अशा दोन टोळ्या होत्या आणि एका वेळी एकच टोळी काम करायची. म्हणजे आठ कोर होते खरे, पण आठही एकदम कामाला लागत नसत.

त्याच काळात अ‍ॅपल काय करत होतं? २०१५ च्या आयफोन ६एसमध्ये दोनच कोर होते. तरी सिंगल-कोर चाचण्यांत तो त्या वेळच्या ऑक्टा-कोर अँड्रॉइड फोनपेक्षा बराच पुढे होता. अ‍ॅपलच्या २०२४ च्या ए१८ प्रोमध्येही सहाच कोर आहेत.

आणि 'ऑक्टा-कोर' हा शब्द किती ताणला जातो ते बघा. स्वस्त फोनमध्ये दिसणाऱ्या हेलिओ जी८५ किंवा युनिसॉक टी६०६ मध्ये आठ कोर आहेत : दोन कॉर्टेक्स-ए७५ आणि सहा छोटे कॉर्टेक्स-ए५५. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या डायमेन्सिटी ९३०० मध्येही आठच कोर आहेत, पण त्यात छोटा एकही नाही : चार कॉर्टेक्स-एक्स४ आणि चार कॉर्टेक्स-ए७२०. दोन्ही बॉक्सवर 'ऑक्टा-कोर' हेच लिहिलं जाणार. स्कूटीला आणि ट्रकला 'वाहन' म्हणण्यासारखंच आहे हे. चुकीचं नाही, पण उपयोगाचंही नाही.

छोटे कोर म्हणजे फसवणूक असं मात्र समजू नका. गाणी ऐकताना, मेसेजची वाट बघताना मोठा कोर जागा ठेवणं म्हणजे एका कप चहासाठी भट्टी पेटवणं. छोटे कोर बॅटरी वाचवतात आणि ते त्यांचं मोलाचं काम आहे. फक्त त्यांची संख्या वेगाचा पुरावा म्हणून विकली जाते, तिथे सावध राहायचं.

जाहिरातीतला आणखी एक शब्द हल्ली ऐकू येतो : 'ड्युअल-चिप'. आयकूच्या काही गेमिंग फोनमध्ये स्नॅपड्रॅगनसोबत 'क्यू१' नावाची वेगळी चिप असते. पण तो दुसरा मुख्य प्रोसेसर नाही. तुमची अ‍ॅप्स तो चालवत नाही. गेमच्या फ्रेम्सच्या मध्ये नव्या फ्रेम्स घालणं, चित्र ठसठशीत करणं अशी ठरावीक कामं तो करतो. खानावळीत तिसरी मावशी ठेवण्याऐवजी पोळ्या लाटायचं मशीन आणण्यासारखं. ज्या कामासाठी आणलं त्यात उत्तम, बाकी भाजी काही ते करणार नाही. तुम्ही खेळता तो गेम त्याला सपोर्ट करत नसेल, तर त्याचा तुम्हाला फारसा फायदा नाही.

आता चक्र पुन्हा फिरतंय

वीस वर्षं सगळे 'एका चिपवर सगळं' या दिशेने पळाले. आता सगळ्यात महागड्या चिप्स पुन्हा दोन तुकड्यांत बनू लागल्या आहेत.

अ‍ॅपलने मार्च २०२२ मध्ये आणलेला एम१ अल्ट्रा म्हणजे दोन एम१ मॅक्स एकमेकांना जोडून केलेली चिप. त्यांच्यातल्या जोडणीचा वेग सेकंदाला २.५ टेराबाइट. एनव्हिडियाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ब्लॅकवेलमध्ये दोन मोठे तुकडे आहेत आणि त्यांच्यात सेकंदाला १० टेराबाइट माहिती फिरते. ज्या एआय चिप्ससाठी जगभर रांग लागली आहे, त्या मुळात 'दोन चिप्स, एक असल्यासारख्या' अशा आहेत.

याची दोन कारणं. पहिलं, छपाईची मर्यादा. चिप छापणारं मशीन एका वेळी साधारण ८५८ चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा तुकडा छापू शकत नाही. दुसरं, नुकसान. समजा, एका वेफरवर १० ठिकाणी दोष आहेत. त्यावर १०० छोट्या चिप्स छापल्या तर फार तर १० वाया, ९० हाती. पण चौपट मोठ्या २५ च छापल्या आणि दोष वेगवेगळ्या चिप्सवर पडले, तर १० वाया आणि १५ च हाती. लहान तुकडे बनवून चांगले तेवढे जोडणं परवडतं.

मग पेंटियम डीची जुनी अडचण परत येणार नाही का? येते. म्हणूनच सगळी लढाई आता जोडणीची आहे. दोन तुकडे इतके जवळ आणि इतक्या तारांनी जोडायचे, की सॉफ्टवेअरला ते एकच वाटावेत. घरच्या कॉम्प्युटरमध्येही हे पूर्ण सुटलेलं नाही. एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्स३डीमध्ये कोरचे दोन तुकडे आहेत आणि जास्तीची कॅश त्यातल्या एकावरच आहे. गेम सुरू झाला की विंडोज दुसऱ्या तुकड्यावरचे कोर बाजूला बसवून ठेवतं, म्हणजे गेम एकाच ओट्यावर राहतो. सोळा कोर विकत घेतले आणि गेमसाठी निम्मेच बरे, असा प्रकार.

यामुळे चिप 'पॅकेज' करण्याचं काम, जे पूर्वी शेवटचं किरकोळ काम मानलं जायचं, ते आता महत्त्वाचं झालंय. भारतात गुजरातमधल्या साणंदला आणि आसाममधल्या जागीरोडला जे प्रकल्प येतायत त्यांचा मुख्य भर असेंब्ली, टेस्टिंग आणि पॅकेजिंगवर आहे. 'हे काय, फक्त पॅकेजिंगच' असं म्हणून नाक मुरडण्याआधी हा मुद्दा लक्षात ठेवा.

मग ध्रुव६४ कडे कसं बघायचं?

आता सुरुवातीच्या दोन कमेंट्सना उत्तर देता येईल.

"क्वालकॉमचं दुकान बंद" म्हणणाऱ्यांसाठी : ध्रुव६४ हा फोनचा प्रोसेसर नाही. १ गिगाहर्ट्झचे दोन कोर घेऊन तो स्नॅपड्रॅगन ८ एलिटशी भिडणार नाही, ज्याचे कोर ४ गिगाहर्ट्झच्या वर जातात. ५जी उपकरणं, वाहनं, कारखान्यातलं ऑटोमेशन, आयओटी अशा कामांसाठी तो असल्याचं सांगितलं गेलंय. या क्षेत्रात अफाट वेगापेक्षा कमी वीज, वर्षानुवर्षं उपलब्धता आणि भरवसा जास्त महत्त्वाचा. एक कोर नेटवर्कचं काम बघतोय आणि दुसरा नियंत्रणाचं, अशी विभागणी तिथे छान जमते.

"दोनच कोर?" म्हणणाऱ्यांसाठी : एकावरून दोनवर जाणं हीच अवघड उडी असते. दुसरा कोर कॉपी-पेस्ट करता येतो, पण दोघांच्या वहीत एकच हिशोब ठेवणं कॉपी-पेस्ट करता येत नाही. याआधी याच कार्यक्रमात आलेला 'तेजस३२' ३२-बिट होता आणि १०० मेगाहर्ट्झवर चालायचा. तिथून ६४-बिट, १ गिगाहर्ट्झ, दोन कोर इथवर येणं हे खरं काम आहे. पुढे 'धनुष' आणि 'धनुष प्लस' या चिप्सवर काम सुरू असल्याचंही जाहीर झालंय.

प्रश्न विचारायचेच असतील तर कोरच्या संख्येपेक्षा हे विचारा : चिप बाजारात किती संख्येने आणि कोणत्या किमतीत मिळणार? बोर्ड, कंपायलर, लिनक्सचा सपोर्ट विद्यार्थ्यांच्या हाती कधी येणार? कुठली भारतीय कंपनी ती आपल्या राउटरमध्ये किंवा मीटरमध्ये घालणार? चिप डिझाइन होणं ही अर्धी लढाई, ती कोणीतरी वापरणं ही उरलेली अर्धी. इंजिनिअरिंगला असाल तर हा तुमच्या करिअरचाही प्रश्न आहे, कारण चिप वापरली गेली तरच तिच्यावर काम करणाऱ्या नोकऱ्या तयार होतील.

फोन घेताना एवढं बघा

- 'ऑक्टा-कोर' शब्द सोडून द्या. प्रोसेसरचं पूर्ण नाव शोधा आणि त्यात मोठे कोर किती आणि कोणत्या पिढीचे ते बघा.
- रोजच्या वापरासाठी सिंगल-कोर स्कोअर जास्त बोलका. व्हिडिओ एडिटिंग, मोठे गेम असतील तर मल्टी-कोर स्कोअरही बघा.
- पाच मिनिटांचा नाही, अर्धा तास गेम खेळल्यानंतरचा वेग दाखवणारा रिव्ह्यू बघा. तापलेला कोर वेग कमी करतोच.
- 'ड्युअल-चिप' दिसलं तर विचारा, दुसरी चिप नेमकं काय करते आणि माझ्या गेममध्ये चालते का?
- बजेट ठरलेलं असेल तर जास्त कोरपेक्षा पुरेशी रॅम आणि वेगवान स्टोरेजला आधी पैसे द्या. मावशी आठ आणि कोठी रिकामी, असं नको.

थोडक्यात, जवळ बसून सतत बोलायचं काम असेल तर एका चिपवरचे दोन कोर. स्वतंत्र, भरपूर आणि अवाढव्य काम असेल तर दोन वेगळे प्रोसेसर. आणि कोणी फक्त आकडा सांगून वस्तू विकत असेल, तर आधी आतली जोडणी विचारायची. तुमच्या फोनमध्ये मोठे कोर किती आहेत ते आजच शोधा आणि कमेंटमध्ये सांगा, बरेच जण चकित होतील!